दार उघडे कोणी ठेवले?

समजा, एका शाळेच्या संगणक कक्षात वीस संगणक आहेत आणि ते सगळे एका मुख्य संगणकाला, म्हणजे सर्व्हरला जोडलेले आहेत. सर्व्हरवर लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची काही वर्षांपूर्वीची आवृत्ती बसवलेली आहे. प्रत्येक शिक्षकाचे आणि नववी-दहावीतल्या प्रत्येक विद्यार्थ्याचे त्यावर स्वतंत्र खाते आहे. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा. गणिताच्या बाईंनी सहामाहीची प्रश्नपत्रिका आपल्या खात्यात टाइप करून ठेवली. बाईंचा पासवर्ड कोणालाही ठाऊक नाही. तरीही दहावीतला एक मुलगा स्वतःच्या खात्यात बसून, स्वतःचाच पासवर्ड वापरून ती प्रश्नपत्रिका वाचतो. त्याने कुलूप फोडले नाही, किल्ली चोरली नाही. बाईंच्या नावाचे फोल्डर दिसले, त्याने ते उघडले, इतकेच.

दोष कोणाचा? शिक्षकांच्या खोलीत याची तीन उत्तरे मिळतील. मुलाचा, कारण दुसऱ्याचे वाचू नये. बाईंचा, कारण त्यांनी काळजी घेतली नाही. संगणक बसवून देणाऱ्याचा, कारण त्याने नीट बसवला नाही. तिन्ही उत्तरांत थोडे थोडे तथ्य आहे. पण बाईंनी कधी ‘ही फाइल सर्वांना दाखवा’ असे संगणकाला सांगितले नव्हते, आणि बसवून देणाऱ्यानेही सांगितले नव्हते. मग दार उघडे कोणी ठेवले? ते मुळातच उघडे आले होते. कोणी काहीच सांगितले नाही, म्हणून ते तसेच राहिले.

आपण काहीही सांगितले नाही तर संगणक जे धरून चालतो त्याला ‘डिफॉल्ट’ म्हणतात. आपण त्याला ‘गृहीत मांडणी’ म्हणू. या लेखात ही गृहीत मांडणी सैल असली तर काय होते आणि ती कशी आवळायची हे पाहायचे आहे.

सहलीचे पत्र

संगणकाकडे जाण्यापूर्वी आपल्या रोजच्या अनुभवातले एक उदाहरण घेऊ. शाळेची सहल जाणार आहे. पालकांना पत्र पाठवायचे आहे. पत्राचा शेवट दोन प्रकारे करता येतो. पहिला प्रकार : ‘आपली हरकत असल्यास कळवावे.’ दुसरा प्रकार : ‘आपली संमती असल्यास खाली सही करून पाठवावे.’

दोन्ही पत्रे एकच गोष्ट विचारतात असे वाटते. पण पत्र मुलाच्या दप्तरात तळाशी राहिले आणि घरी पोचलेच नाही, तर काय होईल? पहिल्या प्रकारात उत्तर आले नाही म्हणजे हरकत नाही असे धरून मुलाला नेले जाईल. पालकांना पत्ताच नसेल. दुसऱ्या प्रकारात सही नाही म्हणून मुलाला घेतले जाणार नाही. मूल घरी रडेल, आई दुसऱ्या दिवशी शाळेत येईल, चूक उघडकीस येईल आणि सुधारली जाईल.

हा फरक महत्त्वाचा आहे. चूक दोन्हीकडे होऊ शकते. पण मौनाचा अर्थ ‘नको’ असा धरला तर चुकीची तक्रार ताबडतोब येते. मौनाचा अर्थ ‘चालेल’ असा धरला तर चूक मुकाट्याने राहते आणि नुकसान झाल्यावरच कळते. संगणकाच्या बाबतीतही नेमके असेच घडते. बाईंची फाइल बाईंनाच उघडली नसती, तर त्यांनी पाच मिनिटांत तक्रार केली असती. ती इतरांनाही उघडते, हे त्यांना कळण्याचा काही मार्गच नव्हता.

तीन प्रकारची माणसे, तीन हक्क

आता ती फाइल मुलाला का दिसली ते पाहू. लिनक्स ही युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या धर्तीवर बनवलेली आहे. युनिक्सची सुरुवात १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी केली. तिच्यात प्रत्येक फाइलीच्या संदर्भात माणसांचे तीन वर्ग पाडलेले असतात : फाइलीचा मालक, मालकाच्या गटातले लोक, आणि बाकीचे सगळे. प्रत्येक वर्गाला तीन हक्क देता येतात किंवा नाकारता येतात : वाचणे, लिहिणे आणि चालवणे.

हक्क आहे किंवा नाही, म्हणजे १ किंवा ०. तीन हक्कांसाठी तीन द्विमान अंक लागतात. वाचण्याची किंमत ४, लिहिण्याची २ आणि चालवण्याची १ धरली, की तीन हक्कांचा मिळून ० ते ७ मधला एक अंक होतो. वाचणे आणि लिहिणे मिळून ६, फक्त वाचणे ४, तिन्ही मिळून ७, काहीच नाही तर ०. मालक, गट आणि बाकीचे यांच्यासाठी असे तीन अंक ओळीने लिहायचे. ६४४ याचा अर्थ : मालकाने वाचावे आणि लिहावे, गटाने वाचावे, बाकीच्यांनीही वाचावे. ६०० याचा अर्थ : मालकाखेरीज कोणालाच काही करता येणार नाही. नववीच्या मुलांना द्विमान आणि अष्टमान पद्धती शिकवताना ‘याचा उपयोग काय?’ असा प्रश्न येतो, त्याला हे एक चांगले उत्तर आहे.

फोल्डरच्या बाबतीत तिसऱ्या हक्काचा अर्थ थोडा वेगळा आहे. फोल्डर काही ‘चालवता’ येत नाही. तेथे हा हक्क म्हणजे फोल्डर ओलांडून आत जाण्याचा हक्क. वाचण्याचा हक्क म्हणजे आत कोणकोणत्या फाइली आहेत त्यांची यादी पाहण्याचा हक्क. हे दोन हक्क वेगळे आहेत हे लक्षात ठेवा, पुढे कामी येईल.

प्रश्नपत्रिकेची फाइल ६४४ होती आणि बाईंचे फोल्डर ७५५ होते. म्हणजे कोणीही आत जावे, यादी पाहावी आणि वाचावे. मुलगा ‘बाकीचे’ या वर्गात होता, तरी त्याच्या वाट्याला ५ आणि ४ हे अंक आले होते.

गाळणीचे गणित

हे अंक आले कोठून? बाईंनी तर दिले नव्हते. टाइप करण्याचा प्रोग्रॅम नवी फाइल तयार करताना साधारणपणे ६६६ मागतो, म्हणजे सर्वांना वाचण्या-लिहिण्याची मुभा. नवे फोल्डर करताना ७७७ मागितले जाते. मात्र ऑपरेटिंग सिस्टिम ही मागणी जशीच्या तशी मान्य करत नाही. ती मध्ये एक गाळणी धरते. या गाळणीला ‘युमास्क’ असे नाव आहे. युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून (१९७९) ती अस्तित्वात आहे. गाळणीच्या अंकात जेथे १ असेल तेथला हक्क काढून टाकला जातो.

अनेक वर्षे रूढ असलेली गाळणी म्हणजे ०२२. पाहा : ६ म्हणजे ११०, आणि २ म्हणजे ०१०. मधला १, म्हणजे लिहिण्याचा हक्क, गाळला गेला. उरले १००, म्हणजे ४. म्हणून ६६६ चे ६४४ झाले आणि ७७७ चे ७५५. थोडक्यात, ०२२ ही गाळणी इतरांना लिहू देत नाही, पण वाचू देते. दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ होऊ नये याची काळजी तिच्यात आहे. दुसऱ्याचे खाजगी राहावे याची मात्र नाही.

येथे विद्यार्थी एक चूक हमखास करतात. ६६६ मधून ०२२ वजा केले की ६४४ येतात, म्हणून त्यांना ही वजाबाकी वाटते. ती वजाबाकी नाही. ०३३ ही गाळणी घेऊन पाहा. वजाबाकी केली तर ६३३ येईल. प्रत्यक्षात ३ म्हणजे ०११, ही गाळणी लिहिणे आणि चालवणे हे दोन हक्क काढते. ११० मध्ये चालवण्याचा हक्क मुळातच नव्हता, जो नव्हता तो काढता येत नाही. उरले १००, म्हणजे ४. उत्तर ६४४. चहाच्या गाळणीतून पाणी गाळले, तर त्यातून चहाची पूड निघणार नाही, तसेच हे.

गाळणी ०२७ केली तर फाइल ६४० आणि फोल्डर ७५० होते : गटाला वाचता येते, बाकीच्यांना काहीच नाही. ०७७ केली तर ६०० आणि ७०० : मालकाखेरीज कोणालाच नाही.

उघडेपणा का निवडला गेला?

ज्यांनी मुळात सैल मांडणी ठरवली ते काही बेफिकीर लोक नव्हते. बेल प्रयोगशाळेत एकाच संगणकावर काम करणारे थोडे संशोधक एकमेकांचे सहकारी होते. एकाने लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्याने वाचावा, त्यातून शिकावे, सुधारणा सुचवावी, ही तेथली रीत होती. गावातल्या वाड्यात दिवसा कोणी दार लावून घेत नसे, तसेच हे. वाड्यात राहणारे एकमेकांना ओळखत होते तोपर्यंत ते योग्यच होते.

पुढे वाड्याचे शहर झाले, पण दाराची सवय तीच राहिली. लिनक्सची ‘उबुंटू’ नावाची लोकप्रिय आवृत्ती २००४ मध्ये आली. तिच्यात प्रत्येक नव्या खात्याचे मुख्य फोल्डर, ज्याला ‘होम’ म्हणतात, ते ७५५ असे. ‘हे फार सैल आहे’ अशी तक्रार २००६ मध्येच नोंदवली गेली होती. त्यावरचा युक्तिवाद असा होता की, हे संगणक बहुधा एकट्याचे असतात किंवा घरातली माणसे मिळून वापरतात, आणि त्यांना एकमेकांच्या फाइली दिसणे सोयीचेच असते. अखेर एप्रिल २०२१ मध्ये आलेल्या २१.०४ या आवृत्तीत नव्या खात्यांचे होम फोल्डर ७५० झाले. एक अंक बदलायला जवळजवळ पंधरा वर्षे लागली. लिनक्सच्या ‘रेड हॅट’ परिवारात मात्र होम फोल्डर आधीपासूनच ७०० ठेवण्याची पद्धत होती. म्हणजे बंद दार ठेवणे अशक्य नव्हते. प्रश्न फक्त मौनाचा अर्थ काय धरायचा, हा होता.

एक अंक बदलायला इतका वेळ का लागावा? कारण मांडणी आवळली की उघडेपणावर विसंबून असलेल्या गोष्टी बंद पडतात. उदाहरणार्थ, वापरणाऱ्याच्या होम फोल्डरमध्ये ठेवलेली वेबपाने दाखवणारा प्रोग्रॅम हा संगणकाच्या दृष्टीने ‘बाकीच्यां’पैकीच असतो. होम बंद झाले की पाने दिसेनाशी होतात. लोक तक्रार करतात, आणि ती तक्रार ऐकू येते. उलट, सैल मांडणीमुळे ज्यांचे काही वाचले गेले, त्यांना ते कळतच नाही, म्हणून त्यांची तक्रारही येत नाही. ऐकू येणाऱ्या तक्रारी एका बाजूच्याच असल्या, तर काटा त्या बाजूला झुकणारच.

दुरुस्ती

आता प्रत्यक्ष काय करायचे ते पाहू. संगणक कक्षाची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांनी हे टप्पे ओळीने घ्यावेत.

पहिला टप्पा पाहण्याचा. सर्व होम फोल्डर ज्या फोल्डरमध्ये असतात त्याची सविस्तर यादी मागवा. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दहा चिन्हे दिसतील. पहिले चिन्ह फाइल आहे की फोल्डर ते सांगते, उरलेली नऊ म्हणजे तीन-तीनांचे तीन गट. शेवटच्या तीन जागी अक्षरे असतील तर दार ‘बाकीच्यां’ना थोडेफार उघडे आहे. तिन्ही जागी आडव्या रेघा असतील तर ते बंद आहे.

दुसरा टप्पा फाटक लावण्याचा. होम फोल्डर ७५० किंवा ७०० केले, की आतल्या फाइली ६४४ असल्या तरी बाहेरच्याला त्यांच्यापर्यंत पोचता येत नाही, कारण वाटेतले फोल्डर ओलांडण्याचा हक्कच त्याला नसतो. कंपाउंडचे फाटक बंद असले की आतल्या खोल्यांची दारे उघडी असून चालते. म्हणून एकेका फाइलीमागे धावण्यापेक्षा हे काम आधी करावे. हक्क बदलण्याची ‘सीएचमोड’ ही आज्ञा ‘आतले सगळे’ या पर्यायासह सरसकट चालवू नये. सगळ्यांना ६०० लावले तर आतल्या फोल्डरांचा ओलांडण्याचा हक्कही जाईल आणि मालकालाच आत शिरता येणार नाही. त्याहून वाईट म्हणजे काही चालेना म्हणून वैतागून सगळ्यांना ७७७ देऊन टाकणे. कुलूप अडकते म्हणून दारच काढून ठेवण्याचा हा प्रकार अनेक ठिकाणी होतो.

तिसरा टप्पा गाळणी बदलण्याचा. ०२२ ची ०२७ किंवा ०७७ करा. तसेच नवे खाते उघडताना होम फोल्डरला कोणते हक्क द्यायचे, ही नोंदही बदला. मात्र गाळणी फक्त पुढे तयार होणाऱ्या फाइलींना लागू होते. काल तयार झालेली ६४४ ची फाइल आज गाळणी बदलली तरी ६४४ च राहते. उबुंटूच्या २०२१ च्या बदलाचेही तसेच आहे. तो नव्या खात्यांसाठी होता. जुन्या आवृत्तीवरून नवी आवृत्ती चढवली, म्हणून जुन्या खात्यांची दारे आपोआप लागत नाहीत. ती हातानेच लावावी लागतात. सगळ्यात जास्त फसगत येथेच होते.

चौथा टप्पा गट तपासण्याचा. ७५० मधला ५ हा गटासाठी आहे. प्रत्येक माणसाचा स्वतंत्र एकट्याचा गट असेल, तर ७५० सुरक्षित आहे. पण शाळेत सोयीसाठी सगळी मुले ‘विद्यार्थी’ या एकाच गटात घातलेली असतील, तर ७५० करूनही प्रत्येक मुलाला दुसऱ्या प्रत्येक मुलाचे फोल्डर दिसेल. तेथे ७०० च हवे. एकत्र करायच्या प्रकल्पासाठी वेगळे सामाईक फोल्डर द्यावे.

पाचवा टप्पा काय बंद पडले ते पाहण्याचा. ज्याला खरोखर वाट हवी आहे त्याला तेवढीच वाट द्यावी. वेबपानांसाठी होम फोल्डर ७११ करता येते. १ म्हणजे फक्त ओलांडून जाण्याचा हक्क, यादी पाहण्याचा नाही. मात्र अशा वेळी आतल्या इतर फाइली आणि फोल्डर स्वतंत्रपणे बंद असले पाहिजेत, कारण नेमके नाव ठाऊक असलेला माणूस तेथवर पोचू शकतो.

एवढे केल्यावरही दोन गोष्टी उरतातच. संगणकाच्या व्यवस्थापकाला, ज्याला लिनक्समध्ये ‘रूट’ म्हणतात, हे हक्क अडवत नाहीत. आणि कोणी हार्ड डिस्कच काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, तर तेथे हे अंक उपयोगी पडत नाहीत. त्यासाठी फाइली सांकेतिक रूपात ठेवाव्या लागतात.

हीच गोष्ट इतरत्र

सैल गृहीत मांडणी ही केवळ लिनक्सची गोष्ट नाही. २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीत बाहेरून येणारी जोडणी अडवणारी भिंत, म्हणजे फायरवॉल, होती. पण ती मुळात बंद ठेवलेली होती. ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ नावाचा किडा जगभरच्या संगणकांत शिरला. ज्या त्रुटीतून तो शिरला तिची दुरुस्ती आदल्याच महिन्यात उपलब्ध झाली होती, पण असंख्य लोकांनी ती बसवली नव्हती, आणि भिंतही सुरू केलेली नव्हती. ऑगस्ट २००४ च्या ‘सर्व्हिस पॅक २’ मध्ये मायक्रोसॉफ्टने ती भिंत मुळातच सुरू करून दिली.

झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह देऊन व्हायरस घरी आणल्याचा अनुभव अनेकांना असेल. तेथेही कारण असेच होते. पेन ड्राइव्ह जोडली किंवा तिच्या चित्रावर क्लिक केले, की तिच्यातला प्रोग्रॅम सुरू करण्याची सोय मुळातच चालू असे. २००८ च्या ‘कॉन्फिकर’ या किड्याने तिचाही फायदा घेतला. विंडोज ७ मध्ये (२००९) पेन ड्राइव्हसाठी ती सोय बंद झाली, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये जुन्या आवृत्त्यांतही ती बंद करण्यात आली. २०१६ मध्ये ‘मिराय’ या प्रोग्रॅमने घरोघरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदललेला नव्हता म्हणून. त्याच्याजवळ अशा नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्यांची यादी होती. तेवढी पुरली.

या सगळ्यांमागचे तत्त्व फार पूर्वी मांडले गेले आहे. जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये संगणकातील माहितीच्या संरक्षणाविषयी एक निबंध लिहिला. त्यात संरक्षणाची रचना करताना पाळायची आठ तत्त्वे दिली आहेत. त्यांतले एक असे, की परवानगी स्पष्टपणे दिलेली नसेल तर ती नाही असेच धरावे. ही कल्पना ई. ग्लेझर यांनी १९६५ मध्ये सुचवल्याचे ते नमूद करतात. कारणही त्यांनी दिले आहे आणि ते आपल्या सहलीच्या पत्रासारखेच आहे : परवानगी देणाऱ्या रचनेत चूक झाली तर काम अडते आणि चूक चटकन सापडते. नाकारणाऱ्या रचनेत, म्हणजे जेथे सगळे मोकळे असून काही गोष्टी तेवढ्या अडवायच्या असतात तेथे, चूक झाली तर नको त्याला वाट मिळते आणि रोजच्या वापरात ती चूक कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता त्या मुलाकडे परत येऊ. दुसऱ्याची वही उघडी पडली असली तरी वाचू नये, हे आपण मुलांना शिकवतोच आणि शिकवायलाच हवे. पण शाळेच्या संगणकात प्रश्नपत्रिकाच असतात असे नाही. मुलांचे गुण असतात, फीसवलतीचे अर्ज असतात, एखाद्या मुलाच्या आजाराविषयी पालकांनी लिहिलेले पत्र असते. ते सर्वांनी वाचावे असे कोणी ठरवलेले नसते. ते कोणी वाचू नये असेही कोणी ठरवलेले नसते, आणि अडचण नेमकी तीच आहे. मुलाला शिक्षा करायची की नाही याचा निर्णय मुख्याध्यापक घेतील. त्याआधी सर्व्हरसमोर बसून फोल्डरांची यादी मागवावी आणि प्रत्येक ओळीतली शेवटची तीन चिन्हे पाहावीत.

वर्गासाठी तीन प्रश्न : (१) गाळणी ०२६ असेल तर नवी फाइल आणि नवे फोल्डर यांचे हक्क काय होतील? त्या फोल्डरमध्ये बाकीच्यांना नेमके काय करता येईल? (२) फाइल ६४४ आहे पण ती ज्या फोल्डरमध्ये आहे ते ७०० आहे. गटातल्या माणसाला ती वाचता येईल का? (३) आपल्या शाळेतली अशी एक गोष्ट शोधा, जी कोणी काहीच सांगितले नाही तर आपोआप ‘चालेल’ धरली जाते. ती उलट केली तर काय अडेल, आणि काय वाचेल?